शेजारधर्म आणि हातातला मोबाईल

(नंदुरबार येथे परिवारांच्या एकत्रीकरणात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



डिसेंबर उजाडला की आपल्या घरांमधून एक प्रश्न हमखास विचारला जातो. मुलगी शाळेतून येते आणि म्हणते, "बाबा, मैत्रिणीकडे नाताळच्या फराळाला जाऊ का?" वडील आईकडे पाहतात, आई आजोबांकडे पाहते. दुसऱ्या खोलीत थोरला मुलगा मोबाईलवर आलेला एखादा चिथावणीखोर संदेश चार गटांत पुढे ढकलत असतो. मुलीच्या प्रश्नावर घरात अर्धा तास चर्चा होते, मुलाच्या उद्योगाकडे मात्र कुणाचेच लक्ष जात नाही. माझ्या मते काळजी करायचीच असेल तर ती दुसऱ्या गोष्टीची करावी.

आपल्या जिल्ह्यात मार्गशीर्ष हा उत्सवांचा महिना आहे. कोकणा, भिल्ल बांधवांच्या पाड्यांवर डोंगऱ्या देवाचा उत्सव चालतो. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते, एकमुखी दत्ताच्या दर्शनाला रांगा लागतात, घोड्यांचा बाजार फुलतो. याच सुमारास नवापूर परिसरातील ख्रिस्ती घरांवर कागदी चांदण्या लागतात. २०२३ साली तर २५ डिसेंबरला नाताळ आणि २६ला दत्तजयंती होती. २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. अनेक पाड्यांवर एकाच कुळातील एक भाऊ देवमोगरा मातेच्या यात्रेला जातो आणि दुसरा रविवारी प्रार्थनेला. शेताचा बांध एक, विहीर एक, सुतकही एकच. महानगरातल्या माणसाला नाताळ म्हणजे दुकानातली सजावट वाटते. आपल्याकडे तो सख्ख्या भावाच्या घरचा सण असतो.

मग हिंदू माणसाने या सणाचा आनंद घ्यावा का? याचे उत्तर आपल्याच परंपरेत आहे. २४ डिसेंबर १८८६ रोजी बंगालमधील आंटपूर येथे धुनीभोवती बसून नरेंद्रनाथ आणि त्यांच्या गुरुबंधूंनी संन्यासाचा संकल्प केला. त्या रात्री नरेंद्रांनी त्यांना येशूच्या त्यागमय जीवनाची कथा सांगितली. ती नाताळची पूर्वसंध्या होती, हे त्यांच्या नंतर लक्षात आले. आजही रामकृष्ण मठात त्या सायंकाळी येशूचे स्मरण केले जाते. सहा वर्षांनी, १८९२च्या डिसेंबरात, हेच नरेंद्र कन्याकुमारीच्या शिलेवर भारतमातेच्या चिंतनात बसले. जिथे एकनाथजी रानड्यांच्या अथक परिश्रमांतून १९७० साली स्मारक उभे राहिले, तीच ही शिला. येशूची कथा सांगितल्याने विवेकानंदांचे हिंदुत्व उणे झाले नाही. ज्याचे मूळ खोल गेले आहे, त्याला वाऱ्याचे भय नसते.

परंतु येथे एक विवेक हवा. शेजाऱ्याच्या घरी जाऊन करंजी खाणे, त्याला शुभेच्छा देणे हा शेजारधर्म. बाजाराने हाती दिलेली लाल टोपी घालून मिरवणे हे निव्वळ अनुकरण. सांताक्लॉजची मूळ कथा चौथ्या शतकातील मायरा येथील बिशप निकोलस यांच्या दातृत्वाची आहे. जाहिरातींनी त्यातून दातृत्व काढून घेतले आणि खरेदी तेवढी ठेवली. याबद्दल आपले अनेक ख्रिस्ती बांधवही खंत व्यक्त करतात. आपल्या मुलाला सांता ठाऊक असावा, त्यात गैर काही नाही. पण त्याला देवमोगरा माता ठाऊक नसेल, व्यसनमुक्तीसाठी भिल्ल समाजात जागृतीची प्रचंड लाट उठवणारे गुला महाराज ठाऊक नसतील, तर तो दोष नाताळचा नाही. तो आपल्या घरातील संवादाचा आहे.

धर्मांतराचा प्रश्न मी टाळणार नाही. तो या जिल्ह्यात आहे आणि त्याची वेदना अनेक कुटुंबांना आहे. घटनेच्या पंचविसाव्या कलमाने प्रत्येकाला श्रद्धेचे व प्रचाराचे स्वातंत्र्य दिले आहे. त्याच वेळी प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केले. कुठे फसवणूक वा जबरदस्ती होत असेल तर लेखी तक्रार करा, पुरावा द्या, पाठपुरावा करा. आणि त्याहून मोठे काम म्हणजे सेवा. आजाऱ्याला दवाखान्यात कोण नेतो, स्थलांतरित मजुराच्या मुलाला शाळेत कोण बसवतो, याच्या उत्तरावर समाजाची निष्ठा ठरत असते. नाताळच्या दिवशी शेजाऱ्याच्या अंगणात वाद घालून किंवा मोबाईलवर शिवीगाळ करून एकही कुटुंब आपल्याजवळ आलेले नाही.

आता मोबाईलविषयी. १ जुलै ही आपल्या जिल्ह्याच्या स्थापनेची तारीख, वर्ष १९९८. बरोबर वीस वर्षांनी, १ जुलै २०१८ रोजी, शेजारच्या साक्री तालुक्यातील राईनपाड्यात आठवडे बाजाराच्या दिवशी पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवरून पसरली होती. मारले गेले ते कोण होते? नाथपंथी डवरी गोसावी. नाथांचे नाव घेत गावोगाव भिक्षा मागणारे, आपल्याच धर्मपरंपरेचे निरुपद्रवी वारसदार. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांचा असाच बळी गेला. तेथेही आधी अफवाच फिरत होती. बंधूंनो, अफवेला धर्म नसतो. ती आपण दुसऱ्यासाठी सोडतो आणि ती आपल्याच माणसाच्या दारात जाऊन उभी राहते.

त्या २०१८च्या घटनांनंतर व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. अनेकदा फिरलेल्या संदेशांसाठी २०२० मध्ये ती एकावर आणली. कंपनीने बोटाला मर्यादा घातली. मनाला ती आपणच घालायची आहे.

म्हणून काही साधी पथ्ये सांगतो. दुसऱ्या राज्यातील, कित्येक वर्षांपूर्वीची चित्रफीत ‘आपल्या तालुक्यातील’ म्हणून येते. ठिकाण आणि तारीख कळल्याशिवाय ती पुढे पाठवू नका. ज्या गावाचे नाव आहे, तेथील कार्यकर्त्याला आधी दूरध्वनी करा. एवढे जाळे आपल्याजवळ आहे. प्रार्थनेला जाणाऱ्या बायाबापड्यांची छायाचित्रे त्यांच्या नावांसह गटांवर टाकू नका. त्या कुणाच्या तरी लेकी-सुना आहेत. धर्मांत वैर पसरवणारा मजकूर भारतीय न्याय संहितेच्या १९६व्या कलमाखाली गुन्हा ठरतो. एका संदेशापायी तरुणाची नोकरीची संधी जाऊ शकते आणि तेव्हा संदेश पाठवणारा मूळ अनामिक त्याच्या मदतीला येत नाही. शुभेच्छापत्राच्या नावाने आलेली एपीके फाइल उघडू नका. पैसे गेलेच तर तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवा. आणि गटप्रमुखांनो, चुकीचा संदेश आला तर तो काढून टाकून थांबू नका. तो खोटा होता, हे त्याच गटात लिहा.

येत्या नाताळात मुलीने विचारले, तर तिला अवश्य जाऊ द्या. जाताना तिच्या हाती तिळगुळाचे आमंत्रण द्या. संक्रांत पुढे तीन आठवड्यांवरच असते. त्या मैत्रिणीला आपल्या घरी बोलवा, देवघर दाखवा, सारंगखेड्याच्या यात्रेची गोष्ट सांगा. आणि थोरल्या मुलाजवळ बसून त्याला विचारा, "हे तू पाठवलेस, ते खरे आहे का, बाळा?" समाज संघटित करण्याचे काम या एका प्रश्नापासून सुरू होते.

भारतमाता की जय!