मोळी पडण्याआधीचा हिशेब



स्वागत समितीच्या वतीने मी साखर कारखान्यांतून आलेल्या आपणा सर्वांचे करवीरनगरीत मनःपूर्वक स्वागत करतो. हंगाम संपून पट्टा पडला आहे, कारखान्यांत ओव्हरहॉलिंग सुरू आहे. मिलचे रोलर उतरले आहेत, टर्बाइन उघडली आहेत, बॉयलरच्या सरकारी तपासणीची गडबड आहे. एवढ्या कामातून आपण वेळ काढलात, याबद्दल समिती आपली ऋणी आहे. या वेळी आम्ही फिटर आणि स्टोअरकीपर मंडळींना आग्रहाने बोलावले. देखभालीची संगणक प्रणाली आणि सुट्या भागांचे नियोजन हा परिषदेचा विषय आहे, आणि त्यातली खरी माहिती त्यांच्यापाशी आहे.

कोल्हापूरच्या मातीत एक गुण आहे. जे मिळत नाही ते इथला माणूस घडवतो. बाबूराव पेंटरांनी चित्रपटासाठी कॅमेरा इथेच तयार केला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. इथल्या शिवाजी उद्यमनगरातल्या वर्कशॉपांतही तोच गुण उतरला आहे. तुटलेला शाफ्ट रात्री आणून द्या, सकाळी नवा घेऊन जा. मी याच उद्यमनगरात लेथवर उभा राहून मोठा झालो. त्या रात्रीच्या कामाचा मला अभिमान आहे, आणि म्हणूनच आज स्पष्ट बोलतो. रात्रीत भाग मिळतो या भरवशावर आपण आधी विचार करणे सोडले आहे. रात्री अकराला फोन येतो तेव्हा ड्रॉइंग नसते, धातूचा ग्रेड कुणाला ठाऊक नसतो. माप घ्यायला फक्त तुटका नमुना असतो, तोही झिजलेला. झिजलेल्या मापावर बनवलेला नवा भाग किती दिवस टिकणार? हीट ट्रीटमेंटला जो वेळ द्यावा लागतो, तो त्या रात्री कुठून आणायचा?

आणि थांबलेल्या मिलची किंमत मोठी आहे. रोज २,५०० टन गाळणारा कारखाना एक तास बंद पडला, तर शंभर टनांहून जास्त ऊस गाळायचा राहतो. आठ तासांत हा आकडा आठशेच्या पुढे जातो. बाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्यांची रांग वाढते. तोडलेला ऊस उन्हात पडून वाळतो, वजन घटते, साखरेचा उतारा पडतो. ज्याने वर्षभर तो ऊस वाढवला, त्याचा यात काहीही दोष नसतो.

देखभालीची संगणक प्रणाली आता पुष्कळ कारखान्यांत आहे. पण मी पाहिलेल्या बऱ्याच ठिकाणी तिचा उपयोग खरेदीची बिले आणि शिल्लक साठा यांपुढे गेलेला नाही. इंडेंटवर ‘बेअरिंग, मिल हाऊससाठी’ एवढेच लिहिलेले असते. ते कोणत्या पंपात बसले, आधीचे किती दिवस चालले, का गेले, यातले काही नोंदवलेले नसते. प्रत्येक यंत्राला क्रमांक हवा. त्याखाली त्याच्या सुट्या भागांची यादी, मापे आणि ड्रॉइंग हवे. काम संपले की त्याच पाळीत जॉब कार्ड भरले गेले पाहिजे, आणि ते भरणारा माणूस फिटरच असला पाहिजे. त्याला मराठीत लिहिता येईल अशी सोय करा. महिन्याअखेरी कार्यालयात बसून आठवणीने भरलेल्या नोंदींवर कुठलीही प्रणाली खरे उत्तर देऊ शकत नाही.

नोंदी खऱ्या असल्या तर हिशेब किती उपयोगाचा ठरतो, त्याचे एक उदाहरण देतो. एखादे मेकॅनिकल सील मागवल्यापासून हातात यायला जितका काळ लागतो, तेवढ्यात सरासरी दोन सील लागतात असे समजा. सरासरी दोन, म्हणून स्टोअरमध्ये दोनच ठेवली. बिघाड अधूनमधून, कसलाही नेम नसताना होत असतील, तर संभाव्यतेच्या गणिताने जवळजवळ तीन खेपांपैकी एका खेपेला ती कमी पडतील. चार ठेवली, तर सुमारे वीस खेपांत एकदा. दोन जादा सीलांचा खर्च आणि आठ तासांचा बंद यांची तुलना संचालक मंडळापुढे मांडायला एवढे गणित पुरे आहे.

आपण साठ्याची वर्गवारी किमतीवरून करतो. महागड्या वस्तूंवर लक्ष, स्वस्त वस्तूंकडे दुर्लक्ष. पण मिल अडवण्याची ताकद किमतीवर ठरत नाही. हा भाग नसेल तर काय थांबेल, आणि तो मिळायला किती दिवस लागतील, हे दोन प्रश्न आधी विचारा. उलट, भंगारात गेलेल्या यंत्रांचे भाग कित्येक रॅक अडवून बसले आहेत, आणि चांगली बेअरिंगे वेष्टन फोडून धुळीत पडलेली आहेत. तेही पाहा.

टर्बाइनचा रोटर किंवा मोठा गिअर क्वचितच लागतो, पण मिळायला महिने लागतात. असा भाग प्रत्येक कारखान्याने स्वतंत्रपणे घेऊन ठेवणे परवडणारे नाही. एकाच बनावटीची यंत्रे असलेल्या शेजारच्या कारखान्यांनी मिळून तो घ्यावा, सांभाळण्याची जबाबदारी आणि देण्याघेण्याचे नियम लेखी ठरवावेत. निवडणुकीत एकमेकांविरुद्ध उभे राहणारेही यात एकत्र येऊ शकतात. शेतकरी दोन्हीकडचा एकच आहे.

या दोन दिवसांत आपल्या निवासाची, जेवणाची काही गैरसोय झाली तर समितीच्या कार्यकर्त्यांना हक्काने सांगा. परत गेल्यावर माझी एकच विनंती पाळा. गेल्या हंगामात मिल जितक्या वेळा थांबली, त्या प्रत्येक वेळचे कारण आणि लागलेला भाग यांची यादी काढा, आणि ड्रॉइंगसह ऑर्डर आत्ताच द्या. नव्या हंगामाची मोळी गव्हाणीत पडायला अजून अवधी आहे. उद्यमनगरची लेथ दिवसाउजेडी, सवडीने आणि योग्य धातूवर आपले काम करून द्यायला तयार आहे.