कोठारं भरलेली, ताटं मोजलेली



न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला मुलाकडे किंवा लेकीकडे जाऊन आलेली मंडळी हल्ली आपल्याकडे बरीच भेटतात. त्यांनी तिथला समुद्र पाहिलेला असतो, मृत ज्वालामुखींच्या हिरव्या टेकड्या पाहिलेल्या असतात. पेनरोज मात्र कोणी मुद्दाम पाहायला जात नाही. एलर्सली आणि ओनेहुंगा यांच्यामधला हा भाग गोदामांचा, कारखान्यांचा. 1873 पासून इथे रेल्वे आहे. जवळच्या माउंट स्मार्ट टेकडीची खडी काढून काढून टेकडीच संपली आणि तिथे आता स्टेडियम उभं आहे. अशा कामकरी वस्तीत दुसऱ्या महायुद्धाची वर्षं कशी गेली, हे आज सांगायचं आहे.

पहिल्यांदा एक स्पष्ट करतो. पेनरोजवर बॉम्ब पडला नाही. युद्ध इथे शिरलं ते मुख्यतः स्वयंपाकघरातून.

पेनरोजच्या दक्षिणेला साउथडाउन आणि वेस्टफील्ड इथे मांसाचे मोठे कारखाने होते. रोज हजारो जनावरं तिथे कापली जात, मांस गोठवून ते ब्रिटनच्या जहाजांवर चढे. वारा फिरला की त्या कारखान्यांचा वास लांबवर पसरायचा आणि वेस्टफील्डवरून आगगाडी जाताना लोक खिडक्या लावून घ्यायचे. आता गंमत पाहा. हा वास ज्यांच्या नाकात रोज जात होता, त्याच लोकांना मार्च 1944 पासून मांस रेशनवर मिळू लागलं! तेही वजनावर नाही, किमतीवर : मोठ्या माणसाला आठवड्याला एक शिलिंग नऊ पेन्सचं. त्यामुळे चांगला तुकडा घ्यावा तर थोडाच मिळे आणि पोटभर हवं तर हलका घ्यावा लागे. काळीज, मूत्रपिंड वगैरे कूपनाशिवाय मिळे, म्हणून खाटकाशी ओळख ठेवणं फायद्याचं होतं.

मांसाच्या आधी बाकीचं आलं होतं. पेट्रोलवर युद्धाच्या पहिल्याच महिन्यात बंधन आलं. एप्रिल 1942 मध्ये साखर, माणशी आठवड्याला बारा औंस. मे महिन्यात कपडे. जूनमध्ये चहा, आठवड्याला दोन औंस, म्हणजे साठ ग्रॅमसुद्धा नाही; चहाबाज मराठी माणसाने याची कल्पनाच करावी. आणि ऑक्टोबर 1943 मध्ये, गाईगुरांच्या या देशात, लोणी : आठवड्याला आठ औंस, युद्ध संपताना सहा.

साखर, चहा बाहेरून येत, तेव्हा त्यांची टंचाई समजू शकते. लोणी आणि मांस यांची मात्र देशात टंचाई नव्हती. कोठारं भरलेली होती. ती ब्रिटनला पाठवायची, पॅसिफिकमध्ये लढणाऱ्या अमेरिकन सैन्याला पुरवायची, म्हणून घरच्यांची ताटं मोजली गेली. मला या गोष्टीत सर्वांत जास्त रस आहे तो इथे. आपल्याकडे मुंबईत धान्याचं रेशनिंग मे 1943 मध्ये सुरू झालं, ते ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाल्यावर, बाजारात धान्य मिळेनासं झाल्यावर. त्याच वर्षी बंगालमध्ये माणसं अन्नाविना रस्त्यावर मरत होती. कूपन दोन्हीकडे होतं, साम्राज्य एकच होतं. पण पेनरोजची बाई कूपन फाडून देत होती ती दूर कुणाच्या तरी ताटात लोणी पडावं म्हणून, आणि मुंबईची बाई रांगेत उभी होती ती आपल्याच ताटात काही पडावं म्हणून. दोघींच्या त्यागाला एकच नाव देणं मला तरी जड जातं.

अर्थात पेनरोजच्या बाईचं काम सोपं होतं असं नाही. तिच्या मदतीला होता रेडिओ. रोज सकाळी ‘आंट डेझी’ म्हणजे मॉड बॅशम नावाच्या बाई विलक्षण वेगाने बोलत. लोणी कमी घालून केक कसा करायचा, काटकसर कशी करायची, याचे तोडगे श्रोत्याच त्यांना लिहून पाठवत आणि त्या ते देशभर ऐकवत. भाजलेल्या मांसाखाली जमणारी चरबी गाळून लोण्याच्या जागी वापरली जाई. मुरंब्याच्या हंगामात साखर थोडी वाढवून मिळे. परसात फुलांच्या जागी बटाटे आणि कोबी आले. इजिप्त-इटलीत लढणाऱ्या मुलासाठी केक डब्यात भरून, डबा कापडात शिवून, वर शाईने पत्ता घालून पाठवला जाई.

शिवाय कामावर जायचं होतंच. 1942 पासून सरकारचं मनुष्यबळ खातं तरुण बायकांची नोंदणी करून त्यांना कारखान्यांत धाडू लागलं. माउंट ईडनच्या कलोनियल अ‍ॅम्युनिशन कंपनीत काडतुसांच्या यंत्रांवर बायका मोठ्या संख्येने होत्या. ट्रामची तिकिटंही बायका देऊ लागल्या.

भीती नव्हती का? होती. डिसेंबर 1941 मध्ये जपान युद्धात उतरला, फेब्रुवारी 1942 मध्ये सिंगापूर पडलं आणि ऑकलंड एकदम उघडं पडल्यासारखं झालं. शाळांच्या मैदानांत चर खणले गेले. रात्री दिवे झाकले गेले. गावरक्षणासाठी उभ्या केलेल्या होमगार्डमधल्या प्रौढांनी सुरुवातीला लाकडी बंदुका घेऊन कवायत केली. शहराच्या मध्यात, अल्बर्ट पार्कखाली, वीस हजार माणसं मावतील असे बोगदे खोदले. हल्ला झालाच नाही, बोगदे वापरलेच गेले नाहीत, आणि युद्ध संपल्यावर जमीन खचू नये म्हणून न भाजलेल्या मातीच्या लाखो विटांनी ते पुन्हा भरून टाकले. पालिकेच्या कामांत अशी उदाहरणं सर्वत्र सापडतात, पण यांना मी हसणार नाही. हल्ला होणार नाही हे त्या वर्षी त्यांच्यापैकी कुणाला ठाऊक होतं?

जून 1942 मध्ये अमेरिकन सैनिक ऑकलंडला उतरले आणि पेनरोजच्या आसपासचा नकाशा बदलला. पेनरोजला लागून असलेल्या माउंट वेलिंग्टनमध्ये, सिल्व्हिया पार्क इथे, त्यांच्या मालाची गोदामं उभी राहिली. सिल्व्हिया हे नाव एका घोडीचं. एकोणिसाव्या शतकात तिथे घोड्यांची पैदास होई आणि 1890 ची मेलबर्न कपची शर्यत जिंकणारा कार्बाइन हा घोडा तिथेच जन्मला. युद्धानंतर ती गोदामं न्यूझीलंड सरकारकडे आली, अनेक दशकं वापरात राहिली, आणि आता तिथे मोठा मॉल आहे. आपली मुलं शनिवारी किराणा घ्यायला जातात तो हाच.

दुसरीकडे, पेनरोजच्या पश्चिमेच्या कॉर्नवॉल पार्कमध्ये अमेरिकन लष्कराने रुग्णालय बांधलं. सॉलोमन बेटांवरचे जखमी आणि मलेरियाचे रुग्ण तिथे येत. बांधकाम तात्पुरतं, लाकडी. सैनिक गेल्यावर 1946 मध्ये त्याच इमारतींत बायकांचं रुग्णालय, नॅशनल विमेन्स हॉस्पिटल, सुरू झालं. 1963 मध्ये डॉ. विल्यम लायली यांनी तिथे आईच्या पोटातल्या बाळाला रक्त देण्याचा जगातला पहिला यशस्वी प्रयोग केला.

सैनिकांना भाजी लागे, आणि ती हवी तितकी मिळेना. सरकारने स्वतःची भाजीची शेतं काढली, पण अनुभव होता तो पुकेकोहेच्या आणि ऑकलंडच्या आसपासच्या चिनी आणि भारतीय मळेवाल्यांकडे. आपले लोक तिथे प्रामुख्याने गुजराती आणि पंजाबी. 1920 च्या दशकात याच पुकेकोहेत, यांना हाकलून लावावं म्हणून ‘व्हाइट न्यूझीलंड लीग’ स्थापन झाली होती. 1943 मध्ये चिनी भाजी उत्पादकांनी देशव्यापी संघ स्थापन केला, तो युद्धाला भाजी हवी असताना.

1945 मध्ये शांतता झाली. ब्रिटन अजून अर्धपोटी होतं, म्हणून कूपनं चालूच राहिली. मांसाचं रेशनिंग 1948 मध्ये उठलं, लोण्याचं 1950 मध्ये. तिथे मूल पाच वर्षांचं झालं की शाळेत जातं. लोण्यावर बंधन आलं त्या महिन्यात जन्मलेलं पेनरोजचं मूल तोवर शाळेत दुसऱ्या वर्षाला पोचलं होतं.