मोरेश्वर ते यशवंत

(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात केलेलं भाषण)



आमच्या घरी नुकतंच नातवाचं बारसं झालं. नाव ठेवलं यशवंत. तेव्हापासून भेटेल तो विचारतो, "काय हो, या काळात हे नाव? आजोबांचा हट्ट दिसतोय!" म्हणून कार्यवाहांनी दोन शब्द बोला म्हटल्यावर ठरवलं, याच विषयावर बोलावं. सगळ्यांना एकदाच खुलासा होईल.

पहिला खुलासा हा की, हट्ट माझा नव्हता. माझा विरोध होता. नाव सुचवलं आमच्या सूनबाईंनी, आणि त्यांचं माहेर नडियादचं, गुजराती.

विरोधाचं कारण जुनं आहे. माझे वडील मोरोपंतांचे भक्त. आर्या तोंडपाठ. म्हणून थोरल्या मुलाचं नाव मोरेश्वर. घरात ते शोभायचं. पण मी गुजराती शाळेत गेलो, आणि गुजरातीतही मोराला मोरच म्हणतात! मधल्या सुट्टीत पोरं माझ्याभोवती पिसारा फुलवून नाचायची. पुढे कारखान्यात लागलो. पहिल्याच दिवशी कोणीतरी नाव विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "महेश." कागदोपत्री मोरेश्वर; पण निवृत्त होईपर्यंत मी महेशभाईच राहिलो.

एकदा मी डबा विसरलो. वडील भर उन्हात सायकलवरून तो घेऊन फाटकावर आले आणि मोरेश्वरला बोलवा म्हणाले. पहारेकऱ्याने सांगितलं, या नावाचं इथे कोणी नाही. ते परत गेले. संध्याकाळी मी घरी आलो तर डबा ओट्यावर तसाच होता. ते काही बोलले नाहीत. फाटकावर काय झालं ते मला दुसऱ्या दिवशी पहारेकऱ्याकडूनच कळलं. मीही वडिलांजवळ विषय काढला नाही. आता ते नाहीत.

म्हणून यशवंत म्हटल्यावर मी आधीच नाही म्हणून टाकलं. म्हटलं, मुलगा उद्या परदेशी जाईल, दोन अक्षरी सुटसुटीत काहीतरी ठेवा. सूनबाई म्हणाल्या, "पण पप्पा, बडोद्याचे राजकवी यशवंत ना? मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीतून मी त्यांचं पुस्तक आणलं होतं."

मी गप्पच झालो. जे आपण आपल्या मुलांना सांगायला हवं होतं, ते त्या वाचून आल्या होत्या. यशवंत दिनकर पेंढरकर १९४० साली बडोद्याचे राजकवी झाले. प्रतापसिंहरावांच्या राज्यारोहणावर त्यांनी 'काव्यकिरीट' लिहिलं. त्यांच्याआधी चंद्रशेखर, म्हणजे चंद्रशेखर शिवराम गोऱ्हे, इथले राजकवी होते. माधव जूलियन तर जन्मानेच बडोदेकर, १८९४ सालचे. गडकऱ्यांचा जन्म नवसारीचा, म्हणजे तेव्हाच्या बडोदे संस्थानातलाच. या गावात मराठी कवीचं नाव ठेवायला पुण्याकडे बघावं लागत नाही.

आणि कवींची नावं तरी कशी, पाहा. केशवसुत म्हणजे केशवचा मुलगा. कुसुमाग्रज म्हणजे कुसुमचा मोठा भाऊ. एवढे मोठे कवी, पण स्वतःची ओळख सांगताना कुणी वडिलांचा हात धरतो, कुणी बहिणीचा. मी माझ्या वडिलांचा हात सोडला होता.

तरी हार मानेना. म्हटलं, नाव बदलण्यात एवढं काय? कवळाण्याच्या गोपाळाचे १८७५ साली दत्तक विधानात सयाजीराव झाले, त्याने काय बिघडलं? आमची मंडळी आतून म्हणाली, "महाराजांना नाव मिळालं ते वाजतगाजत मिळालं. तुम्ही तुमचं घाबरून टाकलंत." चाळीस वर्षांच्या संसारात एवढं खरं मला कोणी ऐकवलं नव्हतं.

शेवटचा मुद्दा सूनबाईंनी राखून ठेवला होता. "माझ्या आईचे वडील जशवंत. यशवंत आणि जशवंत एकच ना?" एकच! मराठीत यश, गुजरातीत जश. मला वाटत होतं, नाव फक्त आमच्या बाजूचं. ते दोन्ही आजोळांचं निघालं. आणि ज्यांना सुटसुटीत हवं त्यांच्यासाठी 'यश' त्यात आहेच.

बारशाला माझ्या मुलीने, बाळाच्या आत्याने, कानात नाव सांगितलं. व्याह्यांकडच्या बायका म्हणाल्या, आमच्यातही फोईच नाव पाडते. म्हणजे तिथेही भांडण नाही.

आता तुमच्यापैकी ज्यांच्या घरी पाळणा हलणार आहे त्यांना एवढंच सांगतो. नाव कोणतंही ठेवा, जुनं किंवा नवं. पण ते का ठेवलं, ही गोष्ट मुलाला सांगा. माझ्या वडिलांनी मला आर्या म्हणून दाखवल्या, पण माझ्या नावाची गोष्ट सांगायची राहिली, आणि मीही विचारली नाही. ती मी या वयात शोधली. मोरोपंत बारामतीचे. त्याच बारामती तालुक्यात मोरगाव, अष्टविनायकातला पहिला गणपती, मयूरेश्वर. मोरावर बसणारा तो मोरेश्वर. म्हणजे शाळेतली पोरं नाचत होती, ती काही चुकत नव्हती! हे तेव्हा ठाऊक असतं, तर मीही त्यांच्यात नाचलो असतो.

विसर्जनाच्या दिवशी आपण सगळे घसा फोडून 'मोरया' म्हणतो. तेव्हा कोणालाच ते नाव जुनाट वाटत नाही.

जाता जाता कार्यवाहांना एक विनंती. मंडळाच्या सभासद यादीत माझं नाव वर्षानुवर्षं 'महेशभाई' असं छापलं जातं. दोष तुमचा नाही, फॉर्म मीच तसा भरला होता. यंदाच्या स्मरणिकेत कृपा करून मोरेश्वर छापा, आणि पुढे वडिलांचं नावही पूर्ण घाला.

गणपती बाप्पा मोरया!