कारागिराचे वर्ष आणि हातचा अहेर

(आष्टी, तालुका परतूर, येथे समाजाच्या वार्षिक मेळाव्यात झालेले भाषण)



ह्या मेळाव्यात दोन शब्द बोलावेत अशी मंडळाच्या चिटणीसांनी आज्ञा केली. शिक्षण, वधूवर-परिचय, वसतिगृह, हुंड्याची चाल ह्या विषयांवर अधिकारी वक्ते येथे दरवर्षी बोलतात, आणि ते योग्यच आहे. आम्ही आज त्याहून घरगुती असा एक विषय आपणांपुढे ठेवीत आहोत. शिंप्याच्या घरी चैत्रापासून फाल्गुनापर्यंत हाताने काय काय तयार होते, त्यातले विकले काय जाते, दिले काय जाते, आणि जे दिले जाते त्याची नोंद कोण ठेवतो, हा तो विषय होय.

आपली स्मरणिका उघडली म्हणजे वर्षभरात कोणी पदवी संपादन केली, कोणास नोकरीत बढती मिळाली, कोणी नवे दुकान थाटले, ह्यांची नावे छायाचित्रांसह दिसतात. ती पाहून आम्हांसही अभिमान वाटतो. परंतु ज्या भगिनीने त्याच वर्षात दोन गोधड्या घातल्या, तीन कुंच्या शिवल्या आणि भाचीच्या पहिल्या संक्रांतीचे हलव्याचे दागिने केले, तिचे नाव ह्या पानांत कोठेही नसते. तिला स्वतःलाही आपण काही विशेष केले असे वाटत नाही. दुकानाच्या वहीत पोलक्याची शिलाई लिहिली जाते. घरातल्या ह्या कामाला वहीच नाही.

आपला व्यवसाय प्रतिष्ठेला उणा आहे असे ज्या तरुणांना वाटते, त्यांनी नरसीची आठवण ठेवावी. संत नामदेवांचा जन्म 1270 साली झाला असे मानतात, आणि हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे त्यांचे जन्मस्थान म्हणून परंपरा सांगते. 1 मे 1981 रोजी जालना जिल्हा निर्माण होईपर्यंत आपला परतूर तालुका परभणी जिल्ह्यात होता, आणि नरसीही 1999 पर्यंत त्याच जिल्ह्यात होती. म्हणजे आष्टी आणि नरसी ही कित्येक वर्षे एकाच जिल्ह्याची गावे होती. दामाशेटींच्या ह्या पुत्राने गज, कात्री, सुई आणि दोरा ही घरची हत्यारे भक्तीच्या बोलीत आणली. त्यांची 61 पदे शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात समाविष्ट आहेत. पंजाबात घुमानपर्यंत पोहोचलेल्या ह्या महापुरुषास आपल्या धंद्याची लाज वाटली नाही, ती आपणांस का वाटावी?

आता कारागिराचे वर्ष पाहू.

चैत्री पाडव्याला गुढीवर नवा खण चढतो आणि पाठोपाठ लग्नसराई सुरू होते. वैशाखात दुकानात उभे राहण्यास जागा नसते. पण ह्याच दिवसांत घराच्या माजघरात रुखवताची तयारी चाललेली असते. मण्यांची तोरणे, क्रोशाचे रुमाल, कशिदा काढलेल्या उशांचे अभ्रे, चिंध्यांच्या बाहुल्यांचे वऱ्हाड. ज्या कतरणी दुकानात केरसुणीखाली जातात, त्याच येथे नवरानवरी होऊन बसतात. आषाढात वारीच्या पताका शिवावयाच्या. श्रावण सरता सरता पोळ्यासाठी बैलांच्या झुली येतात. जाड कापडावर आरसे नि कवड्या बसविणे हे मशीनचे काम नव्हे. तेथे हातसुईच लागते. जुन्या याद्यांत शिंप्याची गणना अलुतेदारांत केलेली आढळते. गावाच्या शेतीशी आपला संबंध किती निकटचा होता हे त्यावरून दिसेल. आणि ज्या शेतकऱ्याच्या बैलाची झूल आपण शिवली, त्याच्या खळ्यावरचे धान्य आपल्या घरी येत असे.

भाद्रपदात गौरींची वस्त्रे, आश्विनात देवीचे खण, आणि मग दिवाळी. दिवाळीपूर्वीचे पंधरा दिवस शिंप्याच्या घरी रात्र आणि दिवस ह्यांत भेद राहत नाही, हे आपणांस सांगावयास नको. गावची सर्व मुले नवे कपडे घालून फटाके उडवितात, तेव्हा आपल्या मुलांचे कपडे कित्येकदा नरकचतुर्दशीच्या पहाटे काज-बटणांवर आलेले असतात! तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा लग्नसराई उघडते. पौषात मात्र दुकान थोडे मोकळे होते, आणि घरच्या कामाला खरा बहर येतो.

संक्रांतीचा हलवा ज्यांनी घरी केलेला पाहिला आहे, त्यांस त्यातील कष्ट ठाऊक आहेत. मंद निखाऱ्यावर परात, परातीत तीळ किंवा खसखस, आणि वरून साखरेचा पाक थेंब थेंब. बोटांनी दाणे सारखे हलवीत राहावयाचे. आच वाढली तर पाक करपतो, घाई केली तर काटा येत नाही. असे काही दिवस बसावे तेव्हा तो पांढरा काटेरी दाणा तयार होतो. मग तो दोऱ्यात ओवून नव्या सुनेसाठी हार, बाजूबंद, बिंदी. आणि बोरन्हाणाच्या बाळासाठी मुकुट नि बासरी. काळ्या वस्त्रावर ते दागिने शोभून दिसतात. संध्याकाळ संपली की मुले ते खाऊन टाकतात. इतक्या श्रमाची वस्तू एका संध्याकाळसाठी करणारी ही माणसे वेडी नव्हेत. नव्या घरी आलेल्या मुलीस आपल्यासाठी कोणी चार दिवस निखाऱ्यापाशी बसले होते हे कळावे, एवढाच त्यातील हेतू असतो, आणि तो सफल होतो.

माघ-फाल्गुनात ऊन तापू लागले म्हणजे अंगणात गोधडी पसरली जाते. तिच्यासंबंधी थोडे विस्ताराने बोलण्याची अनुज्ञा असावी. गोधडी ही जुन्या वस्त्रांची असते. वर आणि खाली मऊ झालेले नऊवारी लुगडे, मध्ये धोतराचे, सदऱ्याचे, परकराचे थर. सारवलेल्या जमिनीवर ते ताणून चारी कोपऱ्यांवर दगड ठेवतात, कच्चे टाके घालून थर धरतात, आणि मग कडेने धावदोरा सुरू होतो. तो चौकोनामागून चौकोन करीत मध्याकडे येतो. टाका लहान आणि सारखा पडला तर गोधडी वर्षानुवर्षे धुणे सोसते. टाका लांबला तर आतले थर गोळा होतात. दुपारच्या फुरसतीत हे काम पुरे व्हावयास कित्येक आठवडे लागतात. आजीच्या लुगड्याची गोधडी नातवावर घालतात, ती केवळ उबेसाठी नव्हे. ज्या अंगाखांद्यावर त्याचा बाप वाढला, त्या अंगावरचे वस्त्र आता त्याच्या अंगावर येते.

बाळंतविड्याचेही तसेच आहे. झबले, टोपरे, दुपटे आणि कुंची. तान्ह्या बाळाचे झबले जुन्या, पुष्कळदा धुतलेल्या मलमलीचे करण्याची चाल आहे. नव्या कापडाची खळ आणि जाड शिवण कोवळ्या कातडीस टोचते, हे आपल्या आज्यांना कोणी शिकविले नव्हते. ते त्यांच्या बोटांना ठाऊक होते.

ह्या वर्षात कारागिराचे टप्पेही असतात. शाळेत जशा इयत्ता, तशा आपल्या घरातही आहेत. प्रथम दोरा ओवणे, मग सरळ धावदोरा, मग तुरपाई, मग काज. काज नीट जमला की मुलाच्या हाती मशीन देतात. आणि सर्वांत शेवटी कात्री. शिवलेले उसवता येते, कापलेले जोडता येत नाही. म्हणून गिऱ्हाइकाचे नवे कापड बेतून कापण्याची मोकळीक मिळणे ही शिंप्याच्या घरची पदवीच होय. त्या दिवशी घरात गोडाचा घास करावा आणि त्या मुलाचे किंवा मुलीचे नाव स्मरणिकेत छापावे, असे आम्हांस मनापासून वाटते.

बंधूंनो, काळ पालटला आहे हे आम्ही जाणतो. अमेरिकेत आयझॅक सिंगर यांनी 1851 साली शिवणयंत्राचे पेटंट घेतले, तेव्हा हातशिलाईचे दिवस भरले असे अनेकांना वाटले असेल. प्रत्यक्षात पायमशीन आपल्या घरची लक्ष्मी झाली आणि तिच्यावर आपल्या मुलांची शिक्षणे झाली. तयार कपड्यांनी मात्र मूळ धंद्यावरच घाव घातला. आष्टीसारख्या बाजाराच्या गावीही आज कित्येक दुकानांत नव्या शिलाईपेक्षा तयार कपड्याची लांबी कमी करण्याचे काम अधिक येते. मुले शहरात गेली, ती परत येतील अशी अपेक्षा नाही. जो गेला तो सुखी असो.

आमची चिंता निराळी आहे. धंदा गेला तर दुसरा धंदा मिळतो. परंतु धंद्याबरोबर हातचा अहेरही चालला आहे, आणि त्याच्या जागी विकतचा अहेर येत आहे. जालना-परतूरचा हा भाग कापसाचा आणि पावसाच्या लहरीचा. 1972 च्या दुष्काळात येथील माणसांनी खडी फोडून दिवस काढले. तशा वर्षीही लेकीचे बाळंतपण यावयाचे ते आलेच. जुन्या लुगड्यातून कुंची नि दुपटे काढून माहेरची लाज राखता येत असे, आणि त्यासाठी कोणाकडे हात पसरावा लागत नसे. आज तशाच वर्षात बाप दुकानातून खोक्यात बांधलेला बाळंतविडा आणतो, कारण घरी केलेला नेला तर व्याही काय म्हणतील अशी त्याला भीती वाटते. कित्येकदा त्यासाठी कर्ज काढतो. ज्या समाजाच्या बोटांत ही विद्या आहे, त्यानेच तिला कमी लेखावे, ह्याचा खेद वाटतो.

ह्याची दुसरी बाजूही स्पष्ट सांगितली पाहिजे. रुखवत हे जर वरपक्षाच्या मागणीचे झाले, मुलीने दोन वर्षे डोळे फोडून शिवलेल्या वस्तू मांडवात मोजल्या जाऊ लागल्या, तर हातचा अहेर आणि हुंडा ह्यांत अंतर राहत नाही. मागून घेतलेली वस्तू हाताने केलेली असली तरी ती भेट नव्हे. तसेच, बायकांचे काम म्हणून ते फुकट धरण्याची जी सवय पडली आहे तीही सुटली पाहिजे. दिलेल्या गोधडीची किंमत घेऊ नये. परंतु विकलेल्या गोधडीची किंमत कापडावर ठरवू नये, टाक्यांवर ठरवावी. चिंध्यांची म्हणून तिला कवडीमोल मागणाऱ्यास ती देऊ नये.

सरकारदरबारी ह्या कामाची दखल अगदीच नाही असे नव्हे. 1952 साली अखिल भारतीय हस्तकला मंडळ स्थापन झाले आणि कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी देशभरच्या कारागिरांस मान मिळवून दिला. आपल्या मराठवाड्यात नांदेडच्या खादी ग्रामोद्योग समितीत राष्ट्रध्वज तयार होतात. देशाचे निशाण आपल्याच मुलखातील हातांतून जाते. 17 सप्टेंबर 2023 रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिदिनीच, पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्यातील 18 व्यवसायांत शिंपीकामाचा समावेश आहे. प्रशिक्षण, प्रशिक्षणकाळात दररोज 500 रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत साहाय्य, आणि प्रथम 1 लाख व नंतर 2 लाख रुपयांपर्यंत 5 टक्के व्याजाचे कर्ज, असे तिचे स्वरूप आहे. आपल्या तरुणांनी आणि विशेषतः भगिनींनी तिची माहिती करून घ्यावी. पण सरकार यंत्र देईल, विद्या देईल. घरचा मान आपणच दिला पाहिजे.

म्हणून तीन सूचना करून आम्ही आटोपते घेतो.

पहिली, पुढील वर्षापासून स्मरणिकेत दोन पाने ‘हातची कामे’ ह्या मथळ्यासाठी राखावीत. वर्षभरात कोणी काय केले, कोणासाठी केले, एवढेच त्यात असावे. करणारीचे स्वतःचे नाव असावे. अमक्याची पत्नी एवढ्याने भागवू नये.

दुसरी, आपल्या लग्नकार्यात हाताने केलेला अहेर आधी स्वीकारावा आणि तो कोणी केला हे मांडवात सांगावे. मागणी मात्र कशाचीही नसावी.

तिसरी, प्रत्येक घरातील मुलांना, मुलींप्रमाणे मुलग्यांनाही, निदान धावदोरा, तुरपाई आणि काज एवढे शिकवावे. तो पुढे इंजिनिअर होवो अथवा डॉक्टर, स्वतःच्या सदऱ्याचे बटण लावावयास त्यास दुसऱ्याची वाट पाहावी लागू नये. आपल्या घराण्याची विद्या निदान एवढी तरी त्याच्याबरोबर शहरात जावी.

समाजातील साळी, कोष्टी, रंगारी, पिंजारी ह्या बांधवांच्या श्रमावाचून आपल्या सुईला काम नव्हते, हेही ह्या प्रसंगी कृतज्ञतापूर्वक नमूद करतो. त्यांच्याही घरोघरी अशी नोंद न झालेली वर्षे पडून आहेत.

 ज्या माताभगिनी आज स्वयंपाकघरात असल्यामुळे हे भाषण ऐकू शकल्या नाहीत, त्यांच्यापर्यंत स्मरणिका पोहोचेलच. त्यांनी ह्या वर्षी केलेल्या कामांची यादी मंडळाकडे अवश्य पाठवावी, अशी त्यांस नम्र विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.