ट्रॅक्टर येतो म्हणून फोर्कलिफ्ट येत नाही

अंबड म्हटलं की नाशिकवाल्यांना त्यांची एमआयडीसी आठवते. आपलं अंबड जालन्याचं, मत्स्योदरी देवीचं. इथली पोरं डबा घेऊन जालन्याच्या एमआयडीसीत जातात, काही वाळूज-चाकण गाठतात.

माझा मामेभाऊ असाच एका गोडाऊनमध्ये हेल्पर लागला. तिसऱ्या आठवड्यात ऑपरेटर जेवायला गेलेला, चावी मशीनलाच. सुपरवायझर दुसऱ्या पोराला म्हणाला, "ट्रॅक्टर चालवतोस ना? मग घे की!" त्यानं घेतली, वळवली, आणि मागचा भाग फिरून भावाचा पाय रॅकला चेपला.

चूक कुठं झाली? ट्रॅक्टरची पुढची चाकं वळतात, फोर्कलिफ्टची मागची. त्यामुळं वळताना तिची शेपूट बाहेर फेकली जाते. तीन टन उचलणारी मशीन रिकामी असतानाही चार टनांच्या वर भरते. तिच्यापुढं हाडाचं काय चालणार?

आता नीट ऐका. फोर्कलिफ्टच्या बाजूला, मागं उभं राहू नका. उचललेल्या मालाखालून जाऊ नका. माल वर धरून वळू नका, मशीन उलटते. आणि बसून चालवायची मशीन उलटायला लागली तर उडी मारू नका! उडी मारणाराच तिच्याखाली सापडतो. पट्टा लावलेला ठेवा, स्टिअरिंग घट्ट धरा, पाय रोवा, पडतेय त्याच्या उलट बाजूला झुका.

बॅटरीवाला पॅलेट ट्रक छोटा दिसतो, पण मागं सरताना तो माणसाला भिंतीला दाबतो. हँडलच्या टोकाला एक मोठं बटण असतं. ते पोटाला लागलं की मशीन उलटी पळते. शिफ्टच्या सुरुवातीलाच ते चालतंय का बघा. सेफ्टी शूज नसतील तर मागा, लाजू नका.

शेवटचं. भावाला ठेकेदार म्हणाला, "दवाखान्यात घरी पडलो म्हणून सांग." त्यानं सांगितलं. पगारातून ईएसआय कापला जात होता, तरी दोन महिने घरी बसून एक रुपया मिळाला नाही. कामावरचा अपघात नोंदला असता, तर डॉक्टरांनी दिलेल्या रजेत पगाराच्या साधारण 90 टक्के मिळाले असते. त्यासाठी नोकरी किती जुनी हेही बघत नाहीत.

म्हणून कागदावर खरंच लिहायला लावा. भाऊ आजही लंगडतो. हा एपिसोड तुमच्या शिफ्टच्या ग्रुपवर टाका. भेटू पुढच्या आठवड्यात.