ठेका धरायला शिकताना

मी तबला शिकते आहे आणि पुढे शाळेत संगीत शिकवायचं, हे माझं ठरलेलं आहे. माझा ताल बसला तो क्लासमध्ये. पण शिकवावं कसं, हे मला आमच्या मुक्ताईनगर भागातल्या भजनांनी दाखवलं. त्याविषयी आज बोलायचं आहे.

भजनाला लोक उभे कसे राहतात ते पाहा. मधे विणेकरी, शेजारी मृदंग आणि दोन्ही अंगांना टाळकऱ्यांच्या समोरासमोर रांगा. समोरासमोर असल्यामुळे प्रत्येकाला दुसऱ्याचा हात दिसतो. एक जण चाल म्हणतो, बाकीचे ती झेलतात. नवं पोर आलं तर त्याची परीक्षा कुणी घेत नाही. त्याच्या हाती टाळ देतात आणि जाणत्या टाळकऱ्याशेजारी उभं करतात. आधी ते शेजारच्याचा हात बघून वाजवतं, मग हळूहळू डोळ्यांचं काम कान घेतात. चुकला ठोका बाकीच्या टाळांत मिसळून जातो, म्हणून पोर धीटपणे वाजवत राहतं. शिकणाऱ्याला एवढी मोकळीक एकट्याच्या रियाजात मिळत नाही.

घरी मी ॲपवर लेहरा, म्हणजे तालाबरोबर पुन्हा पुन्हा वाजणारी धून, लावून रियाज करते. ॲपची लय पक्की असते, पण ते माझं काही ऐकत नाही. भजनातली लय माणसांची असते. चाल वर चढली की ती अंगात येते, वाढू लागते. वयस्क टाळकरी दमले की मृदंग वाजवणाऱ्याला ती सावरून धरावी लागते. भजनी ठेका आठ मात्रांचा, वहीत एका ओळीत मावतो. तोच ठेका अर्धा तास न ढळता वाजवायचा, गाणाऱ्याला श्वास घ्यायला जागा ठेवायची, आणि चाल बदलताच त्याच्याबरोबर वळायचं, हे मात्र सोपं नाही. कायदा किंवा रेला अशा तबल्याच्या रचना वाजवताना माझं लक्ष माझ्या बोटांकडे असतं. ठेका धरताना ते दुसऱ्याच्या गळ्याकडे न्यावं लागतं. मला वाटतं, वादकाचं खरं शिक्षण इथून सुरू होतं.

सप्ताहातली एक रीत मला शिक्षक म्हणून फार मोलाची वाटते. अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत. त्यासाठी पहारे लावतात. रात्री-अपरात्रीसुद्धा कुणीतरी वीणा गळ्यात घालून उभा असतो आणि आपली वेळ संपली की दुसऱ्याच्या गळ्यात देतो. ज्याला गाता येत नाही तोही पहारा देतो, आणि त्याच्यावाचून सप्ताह अखंड राहत नाही. वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलालाही असं काम मिळायला हवं, की ते त्याने केलं नाही तर सगळ्यांचं गाणं अडेल.

क्लास आणि परीक्षा यांचं महत्त्व मी कमी लेखत नाही. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, म्हणून संगीत घराण्यांच्या उंबऱ्याबाहेर आलं आणि माझ्यासारख्या मुलीपर्यंत पोचलं. पण परीक्षेत विद्यार्थी एकटा बसतो. सोबत वाजवण्याची, थांबण्याची, दुसऱ्याला पुढे जाऊ देण्याची तयारी वेगळी करून घ्यावी लागते. हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोडाय यांनी शालेय संगीताचा पाया सामूहिक गायनावर घातला. आपल्याकडे तो पाया गावोगावच्या मंदिरात तयार आहे, शाळेने तो वापरायचा आहे.

आणि आमचा भाग तर संत मुक्ताईचा मुलूख. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवांचं मंदिर आहे. परंपरा सांगते की एवढ्या थोर योग्याने वयाने कितीतरी लहान असलेल्या मुक्ताईला गुरू मानलं. शके १२१९ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९७ साली, तापीकाठी मुक्ताई गुप्त झाली, तेव्हा तिला विशीही लागली नव्हती. आषाढीला तिची पालखी खान्देशातून विदर्भ, मराठवाडा ओलांडून पंढरपूरला पायी जाते. त्या वाटेवर चाल आजोबांना ठाऊक असते आणि मृदंगावर त्यांच्या नातवाच्या वयाचा मुलगा असतो. कधी आजोबा शिकवतात, कधी तो मुलगा त्यांना लयीत धरून ठेवतो. शिकवण्याचा मान वयावर ठरत नाही.

म्हणून माझ्या वर्गाची आखणी मी आत्ताच करून ठेवली आहे. निम्मी मुलं टाळी आणि खाली दाखवत ताल धरतील, निम्मी गातील, मग अदलाबदल. कच्चं मूल दोन पक्क्या मुलांच्या मधे बसेल. चाल एकदा मी सांगेन, पुढच्या वेळी मुलं सांगतील. मृदंग मुलींच्या हातीही जाईल, कारण टाळ त्यांच्याकडे सहज येतो आणि मृदंग क्वचित. आणि गुण द्यायचे झाले तर वाजवण्याबरोबर ऐकण्यालाही देईन.

भजनी मंडळांतल्या जाणत्या मंडळींना माझी एक विनंती आहे. आपल्या गावच्या शाळेत आठवड्यातून एक तास द्या. पाठ असलेल्या चाली मुलांना सांगा, मृदंगावर हात ठेवू द्या. आम्ही होऊ घातलेले शिक्षक तुमच्या शेजारी बसून शिकायला तयार आहोत.