दुरुस्तीनंतरचा दिवा : बल्बची निवड आणि झोताची जुळणी

रात्रीच्या वेळी दुपदरी रस्त्यावर दोन मोटारी समोरासमोर येतात, तेव्हा प्रत्येकीचा वेग ताशी ६० किलोमीटर असला, तरी त्यांच्यातील अंतर दर सेकंदाला सुमारे ३३ मीटरने कमी होत असते. अशा क्षणी समोरच्या गाडीचा दिवा थेट डोळ्यांवर आला, तर चालकाची दृष्टी पूर्ववत होण्यास काही सेकंद लागतात. तीन सेकंद धरले, तरी तेवढ्या अवधीत त्याची गाडी ५० मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे ५० मीटरचा रस्ता त्याने जवळजवळ डोळे मिटूनच ओलांडलेला असतो. कोल्हापूर-सांगली भागात गळिताच्या हंगामात याच ५० मीटरांत रस्त्याच्या डाव्या कडेने उसाची बैलगाडी चाललेली असू शकते. तिच्या मागे दिवा नसतो. कधी तांबडी चकाकणारी पट्टी असते, कधी तीही नसते. गाडीवानाचा, बैलांचा आणि मोटारीतील माणसांचा जीव अशा वेळी समोरून येणाऱ्या एका अनोळखी गाडीच्या हेडलाइटवर अवलंबून असतो, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही.

तो दिवा बिघडलेला असतोच असे नाही. पुष्कळदा तो नुकताच दुरुस्त होऊन आलेला असतो. गाडीला किरकोळ धक्का बसतो, पुढचा बंपर आणि हेडलाइट बदलावा लागतो, डेंटिंग-पेंटिंग होते, रंग जुळतो. मालक गाडी ताब्यात घेताना रंगावरून हात फिरवून पाहतो. दिवे लागतात की नाही तेही पाहतो. परंतु दिवा लागणे आणि दिवा योग्य जागी प्रकाश टाकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट पाहण्याची रीत आपल्याकडे फारशी रुजलेली नाही. व्यवसायाच्या वाहनांना ठरावीक मुदतीने योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते व त्या तपासणीत दिव्यांचाही विचार होतो. खासगी मोटारीची नोंदणी मात्र प्रथम १५ वर्षांसाठी असते, आणि प्रदूषण नियंत्रणाचे प्रमाणपत्र देणारा इसम धूर तपासतो, दिवा नव्हे. म्हणून खासगी गाडीच्या झोताची दिशा १५ वर्षे कोणीच तपासली नाही, असे सहज घडू शकते.

ही दिशा कशी ठरते, हे समजण्यासाठी दिव्याच्या अंतरंगात डोकावणे अवश्य आहे. एकाच बल्बमध्ये अप्पर आणि डिपर अशा दोन तारा बसविण्याची युक्ती १९२० नंतरच्या दशकात जर्मनीत प्रचारात आली. पुढे हॅलोजन बल्ब निघाले. मोटारीसाठी पहिला हॅलोजन बल्ब युरोपात १९६२ मध्ये आला आणि दोन तारांचा ‘एच-४’ हा बल्ब १९७१ मध्ये. आपल्या रस्त्यांवरील असंख्य मोटारींत आजही हाच बल्ब आहे. त्यातील अप्परची तार रिफ्लेक्टरच्या नाभीपाशी असते, म्हणून तिचा प्रकाश सरळ दूरवर जातो. डिपरची तार नाभीच्या किंचित पुढे असते व तिच्या खाली धातूची एक लहानशी वाटी असते. या वाटीमुळे डिपरचा प्रकाश रिफ्लेक्टरच्या केवळ वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तेथून परावर्तित होऊन खाली रस्त्याकडे वळतो. भिंतीवर डिपरचा झोत टाकला असता वर काळोख, खाली उजेड आणि मधे स्पष्ट रेघ दिसते, ती या वाटीच्या काठाची करामत होय. आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात. म्हणून ही रेघ उजवीकडे आडवी राहते व डावीकडे १५ अंशांनी वर चढते. समोरच्या चालकाच्या डोळ्यांना इजा न होता डाव्या कडेचा पादचारी, सायकलस्वार किंवा तीच उसाची गाडी अधिक दुरून दिसावी, हा त्यामागील हेतू. उजव्या बाजूने वाहतूक असणाऱ्या देशांसाठी बनलेला दिवा स्वस्तात मिळाला म्हणून बसविला, तर ही चढण नेमकी समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जाते. असा दिवा कितीही फिरवून जुळविला तरी उपयोग नाही.

येथे एका जुन्या समजुतीचा उल्लेख करावा लागेल. हेडलाइटच्या काचेचा वरचा भाग काळा रंगविला, म्हणजे समोरच्याला त्रास होत नाही, असे अनेकांना वाटते. पण डिपरचा सारा प्रकाश रिफ्लेक्टरच्या वरच्या भागातूनच येत असतो. तेव्हा काळ्या पट्टीने झोत खाली वळत नाही. रस्त्यावर पडावयाचा उपयुक्त उजेड तेवढा घटतो. मग उजेड कमी पडतो म्हणून चालक अप्परवर गाडी चालवितो! उपायच अपायाचे कारण व्हावा, त्यातला हा प्रकार आहे.

आता बल्बच्या निवडीविषयी. १२ व्होल्टच्या मोटारीसाठी ‘एच-४’चे प्रमाण ६०/५५ वॅट आहे, २४ व्होल्टच्या ट्रक-बसगाड्यांसाठी ७५/७० वॅट. दुकानात मात्र १००/९० वॅटचा बल्बही सहज पुढे केला जातो आणि दुरुस्तीचा एवढा खर्च केलाच आहे, तर थोडा जास्त उजेड का नको, असा विचार मालकाच्या मनात येतो. हिशेब असा आहे. ६० वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर १० अँपिअर विद्युत्प्रवाह घेतात. १०० वॅटचे दोन बल्ब जवळजवळ १७ अँपिअर. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ती पावणेतीन पटींच्या घरात जाते. मूळ वायरिंग, स्विच आणि बल्बमागचा कपलर हे या भारासाठी बनविलेले नसतात. प्रथम कपलर तपकिरी पडतो, मग वितळू लागतो. फ्यूज वारंवार उडतो म्हणून कोणी त्याच्या जागी जाड तार घालतो; त्यानंतर आग लागण्यास फारसे काही बाकी राहत नाही. प्लॅस्टिकच्या रिफ्लेक्टरला आतून फोड येतात ते निराळेच.

वास्तविक उजेड कमी पडण्याचे कारण पुष्कळदा बल्बमध्ये नसतेच. हॅलोजन बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या मानाने फार झपाट्याने घटतो. व्होल्टेज ५ टक्क्यांनी उतरले, तर प्रकाश सुमारे १६ टक्क्यांनी उतरतो. १० टक्क्यांनी उतरले, तर जवळजवळ ३० टक्क्यांनी. कोकणच्या पावसात काही वर्षे राहिलेल्या गाडीचा अर्थिंगचा स्क्रू गंजलेला असतो, अपघातानंतर नवीन रंग दिलेल्या पत्र्यावर तो तसाच आवळलेला असतो, आणि रंगाच्या थरातून वीज नीट जात नाही. इंजिन चालू ठेवून, दिवे लावून, बॅटरीच्या टोकांवर आणि बल्बच्या टोकांवर मीटर धरावा. दोहोंत अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक आढळला, तर अर्थिंगची जागा पॉलिश पेपरने घासून स्वच्छ करावी, वायरिंग तपासावे, जरूर तर रिले बसवावा. पाच-दहा मिनिटांच्या या कामाने जुनाच बल्ब नव्यासारखा उजळतो, हे कोणताही जाणता ऑटो इलेक्ट्रिशियन सांगेल. उलटपक्षी, व्होल्टेज ५ टक्क्यांनी अधिक झाले, तर बल्बचे आयुष्य जवळपास निम्मे होते. बल्ब वरचेवर जात असतील, तर दुकानदाराला दोष देण्यापूर्वी चार्जिंग तपासून घेतलेले बरे.

निळसर काचेच्या बल्बचेही आकर्षण अलीकडे वाढले आहे. निळा लेप हा प्रकाशाचा काही भाग अडविणारा पडदा होय. झोत पांढरा भासतो, पण रस्त्यावर पोहोचणारा प्रकाश वाढत नाही. एलईडीच्या संचाविषयी अधिक सावधगिरी हवी. मुळातच एलईडीसाठी रचलेला दिवा उत्तम असतो, यात शंका नाही. परंतु तारेच्या बल्बसाठी घडविलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडीचा तुकडा बसविला, तर प्रकाश नेमका त्या तारेच्या जागी आणि त्याच आकाराचा निर्माण होत नाही. रिफ्लेक्टरचे नाभीअंतर साधारण २५ मिलिमीटर धरले, तर प्रकाशाचे उगमस्थान एक मिलिमीटर वर-खाली सरकल्याने झोत दोन अंशांहून अधिक हलतो. चालकाला गाडीपुढचा रस्ता झळाळताना दिसतो व तो संतुष्ट होतो. समोरून येणाऱ्याला काय दिसते, ते त्याला कळण्याचा मार्ग नसतो.

बल्ब बसविण्याची क्रिया साधी, पण काटेकोर आहे. ‘एच-४’च्या बैठकीला तीन कान असतात व ते असे असतात की बल्ब एकाच रीतीने बसावा. तो बसत नसेल, तर बल्ब चुकीचा आहे किंवा होल्डर वाकला आहे. कान कानशीने घासून बसविणारे कारागीर आहेत, आणि त्यांच्या हातून गेलेला दिवा पुढे कधीच जुळत नाही. काचेला बोट लावू नये. बोटाचे तेल तापलेल्या काचेवर जळते व तेथे काच दुबळी होते. चुकून स्पर्श झालाच, तर थंड बल्ब स्पिरिटने पुसावा. मागचे रबराचे टोपण नीट बसवावे, नाहीतर पहिल्याच पावसात आत दव धरते आणि रिफ्लेक्टरचा मुलामा काळवंडतो.

यानंतर येते ती जुळणी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांत दिव्यांविषयी दोन अपेक्षा एकत्र आलेल्या आहेत. नियम १०५ प्रमाणे दिव्यांनी पुढील १५५ मीटरपर्यंतची माणसे व वाहने स्पष्ट दाखवावीत. नियम १०६ प्रमाणे दिव्यापासून ८ मीटर अंतरावर, अर्धा मीटर उजवीकडे व जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेल्या डोळ्यांना तो दिपविणारा नसावा. एकीकडे दूरवर पाहावे, दुसरीकडे कोणाला दिपवू नये, या दोहोंतील वाट काही सेंटिमीटरांतच सापडते.

त्यासाठी सपाट जागा आणि उभी भिंत पुरेशी आहे. चाकांत योग्य हवा, टाकीत निम्मे इंधन आणि चालकाच्या आसनावर एक माणूस असावा. डॅशबोर्डवर झोत वर-खाली करण्याचे चक्र असेल, तर ते शून्यावर ठेवावे. गाडी भिंतीला जवळजवळ भिडवून दोन्ही दिव्यांच्या मध्यबिंदूंच्या खुणा खडूने कराव्यात व प्रत्येक खुणेतून एक उभी रेघ ओढावी. मग गाडी सरळ मागे घेऊन दिवे भिंतीपासून १० मीटरवर आणावेत व पुढचा भाग दाबून एकदोनदा हलवावा, म्हणजे स्प्रिंगा आपल्या जागी बसतात. मध्यखुणांच्या १० सेंटिमीटर खाली एक आडवी रेघ ओढावी. डिपर लावून एका वेळी एकच दिवा पाहावा. दुसऱ्यापुढे पुठ्ठा धरावा, पण तो काचेला टेकवू नये व फार वेळ धरू नये. दिव्यामागील एका स्क्रूने झोत वर-खाली होतो, दुसऱ्याने डावा-उजवा. उजेडाची आडवी कड या रेघेवर यावी आणि डावीकडची चढण उभ्या रेघेपाशी सुरू व्हावी. ‘एच-४’मध्ये दोन्ही तारांना एकच रिफ्लेक्टर असल्याने डिपर जुळला की अप्पर आपोआप जुळतो. काही दिव्यांवर उताराची टक्केवारी कोरलेली असते. तेथे १० सेंटिमीटरऐवजी तो आकडा प्रमाण मानावा.

या १० सेंटिमीटरांचे मोल थोड्या हिशेबाने कळते. दिवा जमिनीपासून ६५ सेंटिमीटर उंच असेल, तर मीटरमागे एक सेंटिमीटर उतरणारा झोत ६५ मीटरवर जमिनीला टेकतो. स्क्रू थोडा अधिक फिरून झोत अवघा एक अंश वर गेला, तर ६० मीटरवर त्याची कड ११० सेंटिमीटर उंचीवर पोहोचते, आणि बैठ्या मोटारीच्या चालकाचे डोळे साधारण तेथेच असतात. झोत एक अंश खाली गेला, तर तो २५ मीटरच्या आतच जमिनीत संपतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारा चालक धोका दिसल्यावर दीड सेकंदात ब्रेक दाबतो असे मानले, तरी कोरड्या रस्त्यावर गाडी थांबण्यास ४५ ते ५० मीटर लागतात. ताशी ८० किलोमीटरला हे अंतर ७० मीटरच्या पुढे जाते. म्हणजे उत्तम जुळलेला डिपरही त्या वेगाला पुरत नाही. ओल्या रस्त्यावर तर विचारावयासच नको. वयाचाही येथे संबंध आहे. साठीतील माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतील तरुणाच्या सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो, आणि दिपलेले डोळे निवळण्यासही त्याला अधिक वेळ लागतो.

मागच्या आसनांवर तीन माणसे आणि डिकीत सामान भरून सुटीसाठी गावी निघालेल्या गाडीचे नाक वर होते व त्याबरोबर जुळलेला झोतही वर जातो. डॅशबोर्डवरील चक्र नेमके यासाठी दिलेले असते. कित्येक मालकांनी ते कधी फिरविलेलेही नसते. ज्या गाडीत ते नाही, तिच्या चालकाने कशेडी किंवा आंबा घाटासारख्या वळणांवर डिपर वेळेआधी करावा व वेग उतरवावा.

बल्ब गेल्यास दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावेत. एक नवा व एक जुना असल्यास दोन झोतांचा उजेड सारखा राहत नाही. चालू स्थितीतील जुना बल्ब फेकू नये. तो त्याच्या नव्या सोबत्याच्या खोक्यात, काचेला बोट न लावता ठेवून, डॅशबोर्डच्या कप्प्यात स्क्रूड्रायव्हरशेजारी असू द्यावा.